दर जानेवारीत द्राक्षाच्या पानांच्या कडा जळतात, फवारणी लागू पडत नाही: आधी वारा तपासा

ऑक्टोबर छाटणी व्यवस्थित फुटते. घड चांगले निघतात, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) होतं, विरळणी होते, मणी फुगायला लागतात. आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बागेच्या एका अंगाच्या पानांच्या कडा तांबूस होऊन वाळू लागतात. आधी पानाचं टोक, मग दात्यादात्याची कड, मग आत बोटभर. वाळलेला भाग आणि हिरवा भाग यांच्यात पेनानं ओढल्यासारखी गडद रेघ दिसते. पंधरा दिवसांत त्या ओळींमधली पानं वाटीसारखी होतात, काही गळतात. पुढे मण्यात पाणी उतरतं, पण गोडी भरत नाही.

हे तुमच्याकडे एकदाच झालं असेल तर कारण काहीही असू शकतं. पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ओळींवर होत असेल आणि तीन-चार फवारण्यांनी काडीचाही फरक पडत नसेल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

आमची बाग भीमेच्या काठाजवळ आहे. पूर्वेला, नदीच्या बाजूला, गाळाची माती आहे म्हणून वीटभट्ट्या लागतात. सलग तीन वर्षं आम्ही वरचं सगळं पाहिलं. पहिल्या वर्षी करपा समजून बुरशीनाशकं मारली. दुसऱ्या वर्षी पालाशची कमतरता ठरली, म्हणून ठिबकमधून आणि पानांवरून पोटॅश दिलं. तिसऱ्या वर्षी बोअरचं पाणी बंद करून विहिरीचं सुरू केलं. सल्ला देणारे सगळे मनापासून सांगत होते आणि प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं होतं, कारण ही तिन्ही दुखणी पानाच्या कडेवरच दिसतात. चौथ्या वर्षी मी फवारणीचा पंप बाजूला ठेवला आणि वही घेऊन बागेत फिरलो. खाली जे लिहितो आहे ते त्या वहीतून आलंय.

पहिली तपासणी: नकाशा काढा

कागदावर बागेच्या ओळी आखा. प्रत्येक ओळीत पहिलं, मधलं आणि शेवटचं झाड बघा आणि शून्य ते पाचपर्यंत गुण द्या. शून्य म्हणजे पान स्वच्छ, पाच म्हणजे अर्ध्याहून जास्त पान जळालेलं. अर्धा एकर असो की चार, एका सकाळचं काम आहे.

बुरशीचा रोग असेल तर नकाशात ठिकठिकाणी पुंजके दिसतात. जिथे दव जास्त, जिथे कॅनॉपी (वेलीचा पानोरा) दाट, जिथे पाणी साचतं, तिथे जास्त. आठवड्यानं पुन्हा नकाशा काढला तर पुंजके मोठे झालेले असतात. क्षारांचं किंवा मातीचं कारण असेल तर चोपण पट्टा, उताराचा खालचा भाग, एखाद्या व्हॉल्व्हखालचं क्षेत्र असा आकार दिसतो. हवेतून आलेलं दुखणं मात्र एका बाजूनं आत येतं. बांधाकडच्या ओळीला पाच, पुढे चार, तीन, आणि बागेच्या पलीकडच्या टोकाला शून्य किंवा एक. आमचा नकाशा असाच निघाला: पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत जाणारा. पूर्वेच्या बांधावर जुनी चिंच आहे. तिच्या आडोशाला असलेल्या झाडांना दोन-दोन गुण कमी होते. बुरशी चिंचेला घाबरत नाही.

आता त्याच नकाशावर वाऱ्याची दिशा काढा. आपल्याकडे थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, उन्हाळ्याकडे झुकलं की दुपारचा पश्चिमेकडून. पण सरासरीवर भरवसा ठेवू नका. बांधावर काठीला फडक्याची पट्टी बांधा आणि सकाळी सहा, नऊ आणि संध्याकाळी सात वाजता पट्टी कुठे उडते ते महिनाभर लिहा. सकाळची नोंद सर्वांत महत्त्वाची. थंडीच्या स्वच्छ रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण ठेवते. भट्टीचा धूर वर न जाता नदीच्या पात्रात आणि बागांमध्ये पसरून राहतो. ऊन चढतं तशी पानांची पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) उघडतात, आणि रात्रभर साठलेली ती हवा पान आत ओढतं. म्हणून सकाळी आठ ते अकरा ही वेळ द्राक्षाच्या पानासाठी सगळ्यात वाईट. त्यातही आदल्या दिवशी भरपूर पाणी मिळालेलं झाड जास्त मार खातं, कारण त्याची रंध्रं पूर्ण उघडी असतात. चांगली ठेवलेली बाग जास्त जळते हे पाहून मला पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं. कारण कळल्यावर त्या तीन वर्षांचा अर्थ लागला.

दुसरी तपासणी: तण आणि शेजारची पिकं

केवडा हा बुरशीचा रोग भोपळ्यावरही येतो, पण द्राक्षाचा केवडा वेगळा आणि भोपळ्याचा वेगळा. एकच बुरशी द्राक्ष, मका, लसूणघास आणि बांधावरचं तण अशा सगळ्यांना एकाच आठवड्यात लागत नाही. हवा मात्र निवड करत नाही. म्हणून बांधावर उतरा आणि जे काही उगवलंय ते बघा.

जनावरांसाठी लसूणघास लावला असेल तर तो आधी बघा. गंधकाच्या धुराला, म्हणजे कोळसा जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला, लसूणघास फार नाजूक आहे. पालक आणि मुळाही तसेच. त्यांच्या पानांवर शिरांच्या मधला भाग पांढुरका किंवा फिकट पिवळट होतो आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. लिंबूवर्गीय झाडं आणि मका या वायूला बरीच सोसतात. म्हणून लिंबं चांगली आहेत, तेव्हा हवा दोषी नाही, असा निष्कर्ष काढू नका.

पानाच्या कडा आणि टोकं जळणं ही खूण वेगळ्या वायूची आहे. ती म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड. आपल्या मातीत फ्लोरिन थोड्या प्रमाणात असतंच. विटा लाल होईपर्यंत तापल्या की ते मातीतून सुटून हवेत येतं. पान ते रंध्रातून आत घेतं, पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते टोकाकडे आणि कडेकडे वाहत जातं आणि तिथेच साठत राहतं. म्हणून पानाचा मधला भाग हिरवा आणि कड मेलेली. हवेत ते अब्जात काही भाग इतकं कमी असलं तरी नाजूक पिकाला पुरतं, कारण पान ते दिवसेंदिवस गोळा करतं. द्राक्ष, जर्दाळू, पीच, प्लम, आंबा ही नाजूक पिकं. पेशावरच्या वीटभट्ट्यांभोवती जर्दाळू, प्लम आणि आंब्याच्या पानांवर हेच नुकसान अभ्यासकांनी नोंदवलं आहे. नव्यानं वाढणारं कोवळं पान सर्वांत जास्त जळतं.

आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या उघड्या थराच्या असतात: विटा रचायच्या, मध्ये कोळसा आणि भुसा भरायचा, बाहेरून लिंपून पेटवायचं. चिमणी नसते. धूर डोक्याच्या उंचीवरून निघतो आणि पहिल्या काही शेतांतच उतरतो.

सारखी दिसणारी दुखणी, आणि ती कशी वेगळी काढायची

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण तीन वर्षं आम्ही इथेच चुकलो.

पालाशची कमतरता: हीही कडेवर दिसते, पण सुरुवात जुन्या, खालच्या पानांपासून होते आणि कडेचा पिवळेपणा हळूहळू आत मिसळत जातो, स्वच्छ रेघ नसते. पानदेठ परीक्षण करून घ्या. पालाश पुरेसा निघाला तर हा मुद्दा त्याच दिवशी संपवा. आम्ही तो एक वर्ष ओढला.

क्षार: सोडियम आणि क्लोराइडनं जळालेली कड फ्लोराइडच्या कडेसारखीच दिसते, नुसत्या डोळ्यांनी वेगळी करणं मला आजही जमत नाही. डॉगरिज खुंटावर (द्राक्षाचं कलम ज्या मूळझाडावर करतात त्याच्या एका जातीवर) पान काळसर होऊन वाटी होणं अनेकांनी पाहिलं असेल, त्यात सोडियम वाढून पालाश मागे पडण्याचा भाग मोठा असतो. म्हणून पाण्याची आणि मातीची क्षारता, सोडियम आणि क्लोराइड मोजून घ्याच. पण मोजमापाच्या जोडीला नकाशा ठेवा. एकाच व्हॉल्व्हवर, एकाच पाण्यावर असलेल्या ओळींपैकी पूर्वेच्या जळाल्या आणि पश्चिमेच्या हिरव्या राहिल्या, तर पाण्यानं हे कसं केलं?

फवारणीचा चटका: पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारलं, युरियाचं प्रमाण चुकलं किंवा दोन औषधं एकत्र जुळली नाहीत तर पानं भाजतात. हा चटका फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत दिसतो आणि ट्रॅक्टर जिथे वळतो, जिथे औषध दुप्पट पडतं तिथे जास्त असतो. फवारणीची वही असेल तर लगेच कळतं.

बोरॉन जास्त होणं: याचा वेगळा उल्लेख करतो, कारण एक गैरसमज फिरतो आहे. उत्तर प्रदेशात भट्ट्यांजवळच्या आंब्याला, विशेषतः दशहरीला, फळाचं टोक काळं पडण्याचं दुखणं शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. तिथे फुलोऱ्याआधी, फुलोऱ्यात आणि फळधारणेनंतर ०.६ टक्के बोरॅक्स फवारायची शिफारस आहे. तो उपाय आंब्याच्या फळाचा. कोणी द्राक्षाला भट्टीच्या धुरावर बोरॅक्स मारा म्हणून सांगितलं तर थांबा. बोरॉन गरजेपेक्षा जास्त झालं की द्राक्षाच्या पानाची कडच जळते. म्हणजे दुखणं तसंच दिसत राहील आणि कारणं दोन होतील.

तणनाशकाचा वारा: शेजारी उसात, ज्वारीत किंवा गव्हात २,४-डी मारलं असेल तर त्याची वाफ आणि तुषार लांब जातात. द्राक्ष आणि कापूस त्याला अतिशय नाजूक. पण खूण वेगळी आहे: कड जळत नाही, कोवळं पान अरुंद होतं, शिरा एकत्र येऊन पंख्यासारख्या दिसतात, कपाशीचं पान तर भेंडीच्या पानासारखं लांबुळकं होतं. हेही हवेतून आलेलंच नुकसान आहे, पण त्याचा दोष भट्टीला देऊ नका. शेजाऱ्याला फवारणीची तारीख विचारा आणि पुढच्या हंगामात एस्टर प्रकाराऐवजी अमाईन किंवा सोडियम क्षार वापरायला सांगा, त्याची वाफ कमी होते.

धूळ: बाग खडीक्रशरजवळ किंवा कच्च्या रस्त्याला लागून असेल तर ओळींचा उतार असाच दिसेल, पण पान जळालेलं नसून माखलेलं असतं. बोटानं पुसलं की खाली हिरवं. धुळीनं उजेड अडतो, रंध्रं बुजतात, पान तापतं, औषध पानाला लागत नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: धुळीच्या ओळींवर लाल कोळी वाढतो, कारण कोळी खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत. रस्त्याकडच्या चार ओळींना दरवर्षी कोळीनाशक लागत असेल तर रस्त्यावर पाणी मारणं हा त्या औषधाइतकाच उपाय आहे. सिमेंटची धूळ त्याहून वाईट, ती दवात भिजून पानावर पापुद्रा धरते.

आणि ओझोन. याला ना बांध आहे, ना दिशा. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात शिजून तो हवेतच तयार होतो, दुपारी सर्वांत जास्त असतो आणि शहराच्या बाहेर, वाऱ्याखालच्या शेतांवर उतरतो. कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या जुन्या पानांवर बारीक काळसर-तपकिरी ठिपके दिसायचे. ते ओझोनमुळे येतात हे १९५८ साली दाखवलं गेलं. ठिपके पानाच्या फक्त वरच्या बाजूला येतात आणि बारीक शिरा मोकळ्या राहतात. एक सोपी खूण: एका पानावर दुसरं पान टेकलेलं असेल तर झाकलेला भाग स्वच्छ राहतो. कोळ्याचे ठिपके असतील तर पान उलटून भिंगातून बघा, जाळी आणि अंडी दिसतील. ओझोनमध्ये पान वेळेआधी म्हातारं होतं, एवढंच अनेकदा दिसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडलेल्या हिशोबानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. ठिपका दिसो न दिसो, उतारा घटतो. यावर एकट्या शेतकऱ्याच्या हातात फवारणीचा उपाय नाही. ईडीयू नावाचं रसायन प्रयोगांत वापरतात, ते नुकसान मोजण्यासाठी. ओझोनवरचा उपाय म्हणून कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

तिसरी तपासणी: कुंड्या

नकाशा आणि तण बघून तुमची खात्री होईल. पण समोरच्याची, मग तो भट्टीवाला असो की अधिकारी, खात्री व्हायला माती आणि पाणी बाजूला काढावं लागतं. त्यासाठी कुंड्यांसारखं दुसरं काही नाही.

दसऱ्याच्या सुमारास दहा-बारा कुंड्या एकाच ढिगातल्या मातीनं भरा. निम्म्यांत ग्लॅडिओलसचे कंद लावा. जगभर फ्लोराइड ओळखायला हेच झाड वापरतात, आणि फिक्या रंगाच्या फुलांच्या जाती जास्त नाजूक असतात. उरलेल्या कुंड्यांत लसूणघास पेरा, म्हणजे गंधकाच्या धुराचाही पत्ता लागेल. दोन्ही प्रकारच्या कुंड्या सारख्याच विभागा: काही पूर्वेच्या बांधावर, काही बागेच्या मध्यावर, काही पश्चिमेच्या टोकाला, आणि निदान एक जोडी भट्टीपासून लांब, दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे. सगळ्यांना एकच पाणी. पाहुण्यांकडेही कॅन भरून द्या, नाहीतर वाद तिथेच सुरू होतो. पहिली भट्टी पेटण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. मग दर रविवारी फोटो आणि पट्टीनं मोजून जळालेल्या टोकाची लांबी.

आमच्याकडे भट्टी पेटल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पूर्वेच्या बांधावरच्या ग्लॅडिओलसची टोकं गव्हाळ रंगाची होऊन वाळली. मधल्या कुंड्यांत सुरुवात उशिरा झाली आणि टोकही कमी जळालं. लांब, मामांच्या गावी ठेवलेल्या कुंडीत फुलं आली. माती तीच, पाणी तेच.

पानांची तपासणी करायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. द्राक्षबागेत पानातलं गंधक मोजून काही कळत नाही, कारण भुरी या बुरशीच्या रोगासाठी आपणच गंधक मारतो. फ्लोराइड मोजायला सांगा. सगळ्या माती प्रयोगशाळांत ते होत नाही, पण पाण्यातलं फ्लोराइड मोजणाऱ्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विचारता येतं. जळालेल्या बाजूची आणि हिरव्या बाजूची, एकाच वयाची, काडीवर त्याच जागेची पानं घ्या. कागदी पिशवीत, वेगवेगळी. प्रत्येकीचा निम्मा भाग धुऊन आणि निम्मा न धुता द्या, म्हणजे पानावर बसलेली धूळ किती आणि आत गेलेलं किती ते कळेल. स्वच्छ हवेतल्या बहुतेक पिकांच्या वाळलेल्या पानात फ्लोराइड साधारण १० ते २० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० ते २० भाग) असतं. चहाचं झाड याला अपवाद, ते मुळातूनच भरपूर ओढतं. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही, दोन टोकांतला फरक बोलतो.

गोठाही बघून घ्या. धुराखालचं कडवळ आणि घास वर्षानुवर्षं खाणाऱ्या जनावरांच्या दातांवर खडबडीत तपकिरी डाग येतात, सांधे धरतात. असं दिसलं तर वैरण लगेच दुसऱ्या शेतातली द्या. पिकाआधी हे करा.

मग काय करायचं

चालू हंगामात जळालेलं पान परत हिरवं होत नाही. ते आधी मान्य करा आणि औषधाचा खर्च थांबवा. उरलेली पानं वाचवा: एका घडामागे पुरेशी निरोगी पानं नसतील तर त्या ओळींतले काही घड काढून टाका. जिवावर येतं, पण अर्ध्या पानांवर सगळे घड गोड होत नाहीत. जळालेल्या ओळींची तोडणी वेगळी करा, गोडी मोजून. सगळा माल एकत्र केला तर चांगल्या मालाचाही भाव पडतो.

धुळीवर पाण्याची फवारणी चालते, पण सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे दुपारपर्यंत पान सुकेल. संध्याकाळी पान ओलं ठेवलं तर केवड्याला आमंत्रण. आत शिरलेल्या वायूवर मात्र पाण्यानं काही होत नाही. पीचच्या फळावर फ्लोराइडचा परिणाम कमी करायला चुन्याच्या फवारण्या उपयोगी ठरल्याचं जुनं संशोधन आहे. द्राक्षात मणी सेट झाल्यावर चुन्याचे डाग घडावर राहतील, म्हणून करायचंच असेल तर फुलोऱ्याच्या बरंच आधी आणि दोन झाडांवर करून बघा.

पुढच्या हंगामासाठी छाटणीची तारीख हा खरा प्रश्न आहे. कोवळं पान जास्त जळतं, म्हणून भट्टी पेटायच्या आत कॅनॉपी पक्व झाली तर नुकसान कमी. आम्ही पूर्वेच्या ओळींची छाटणी पंधरा दिवस अलीकडे घेतली. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि तिथे केवड्याच्या फवारण्या वाढल्या, तरी मार्चचा हिशोब बरा निघाला. तुमच्याकडे पाऊस जास्त असेल तर हे जमणार नाही. बांधावर बांबू, सुरूची झाडं किंवा गिरीपुष्प यांची दाट रांग धुळीला चांगली अडवते, वायूला थोडी. चिंचेनं आम्हाला जेवढं दिलं तेवढं मिळायला मात्र पंधरा-वीस वर्षं जातात. पूर्वेच्या दोन-तीन ओळी काढून तिथे सोसणारं पीक घेणं हाही मार्ग आहे, आणि तो पराभव समजू नका.

आता भट्टीवाल्याबद्दल. आमच्या बाबतीत ते भावकीतलेच आहेत, वयानं मोठे. नकाशा, कुंड्यांचे फोटो आणि वाऱ्याची वही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. "तात्या, भांडायला आलो नाही, एवढं बघून घ्या," म्हणालो. त्यांनी मामांच्या गावची कुंडी आणि बांधावरची कुंडी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "मला वाटायचं तुमचं पाणी खराब आहे." त्या हंगामात त्यांनी दोन गोष्टी केल्या: नवा थर नदीच्या खालच्या अंगाला, बागेपासून लांब रचला, आणि वारा पडलेला असेल त्या रात्री नवी भट्टी पेटवायची नाही असं ठरवलं. मातीत दगडी कोळशाचा चुरा किती मिसळायचा, यावरही बोलणं झालं. त्याच भट्टीवर बिऱ्हाडं करून राहणाऱ्या कुटुंबांची लहान मुलं तो धूर रात्रंदिवस घेतात, हे मी तेव्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं. पुढच्या खेपेस बोललो.

सगळीकडे असा तात्या भेटत नाही. नियम माहीत असावा म्हणून सांगतो: केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ०.८ किलोमीटरवर असायला हवी, आणि दोन भट्ट्यांत एक किलोमीटर अंतर हवं. त्याच अधिसूचनेत विटा भाजण्याची झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टची पद्धत, किंवा नळाचा गॅस, याकडे वळायला सांगितलं आहे. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्यायची, पोच घ्यायची, एक प्रत तहसीलदारांना. त्याआधी तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्यात ओळींचा नकाशा जोडायला सांगा. नुसतं "पिकाचे नुकसान झाले" असं लिहिलेला पंचनामा पुढे टिकत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. पीकविम्याच्या भरवशावर राहू नका. धुराचा त्यात समावेश नाही.

आणि हवेचे आकडे मागाल तेव्हा काय मागता ते नीट बघा. देशाच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषक आहेत: धुळीचे दोन आकार, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, शिसं वगैरे. फ्लोराइड त्यात नाही. म्हणजे कोणी यंत्र लावून "हवा मानकांच्या आत आहे" असा अहवाल दिला, तरी तुमच्या द्राक्षाच्या कडेचं उत्तर त्या अहवालात असणारच नाही. पानाची तपासणी आणि कुंड्या म्हणूनच हाताशी हव्यात.

आमच्या पहिल्या दोन ओळी अजूनही जळतात, पण गुण पाचावरून दोनावर आले आहेत. तिसरीपासून पुढे पान मार्चपर्यंत टिकतं. या दसऱ्याला कुंड्या पुन्हा भरणार आहे, कारण नदीच्या पलीकडे एक नवी भट्टी रचली जाते आहे आणि तिची पहिली नोंद ती पेटायच्या आधीची हवी.